मदत हवी आहे : दिवाणखान्यात शेकोटी आहे, पण धुराडे कुठून काढू?

रेखाटनवही : व्हिक्टोरियन काळातील एका ग्रामीण प्रासादाचा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत जे दिसेल त्याचे रेखाटन, मला सोमवारी सादर करायचा आहे आणि दोन दिवस मी एकाच ठिकाणी अडले आहे. दिवाणखान्यात संगमरवराची अवाढव्य शेकोटी आहे, परंतु प्रकाश छतातून येत असल्यामुळे वर धुराड्याला जागाच उरत नाही. कृपया नेमके उत्तर द्यावे. शैलीचा इतिहास मी वाचलेला आहे.

वाकडी_कडी : कोणता प्रासाद? 1837 ते 1901 एवढ्या काळातून आम्ही कोणता निवडावा?

घाटमाथा : प्रासाद कोणताही असो, धुराडे बाजूच्या भिंतीतून वळवून घ्यावे. पाचगणीच्या आमच्या जुन्या बंगल्यात तसेच आहे आणि भर पावसातही धूर कोंडत नाही.

रेखाटनवही : इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधील क्रॅगसाइड. वर्णनावरून ओळखाल असे वाटले होते. घाटमाथा, मूळ वास्तूत नसलेले धुराडे मी मनाने कसे काढू?

वाकडी_कडी : मग आधी दर्शनी भागातील लाकडी चौकटी तपासा. वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी 1869 पासून हे घर वाढवत नेले; त्या दगडी मुलखात अशा चौकटी मुळातल्या नव्हेत, त्या दिसण्यासाठी आणलेल्या आहेत.

घाटमाथा : म्हणजे लाकूड लावले आहे म्हणून ते भार घेतेच असे नाही.

पारा_आणि_वात : ग्रंथालयातील दिवे अवश्य दाखवा. 1880 मध्ये तेथे संशोधक जोसेफ स्वान यांचे विजेचे दिवे लागले. काही दिवे मीनाकाम केलेल्या तांब्याच्या कलशांवर होते आणि पाऱ्यामधून विद्युतप्रवाह जोडला जात असल्यामुळे कलश बैठकीवरून उचलला की दिवा विझत असे.

रेखाटनवही : दिव्यांविषयी मी विचारलेले नाही.

जोते : शेकोटीच्या भिंतीमागे तुम्ही काय दाखवले आहे?

रेखाटनवही : काहीच नाही. छेद भिंतीपाशी संपतो.

जोते : तेथेच चूक आहे. 1880 च्या दशकात बांधलेला हा दिवाणखाना डोंगराच्या कड्याला पाठ लावून उभा आहे. शॉ यांचे सहायक लेथबी यांनी रेखाटलेली ती शेकोटी सुमारे 10 टन वजनाची असल्याचे सांगतात आणि तिचा धूर छतातून न जाता मागच्या खडकाळ उतारातील नळीमार्गाने वर नेलेला आहे. भिंतीमागे खडक दाखवा आणि धुराची वाट त्यातूनच काढा.

रेखाटनवही : आता उलगडा झाला. पण कागदावर खडकाला जागाच नाही; 1:50 ऐवजी 1:100 प्रमाण घेऊन सगळे पुन्हा काढावे लागणार.