मदत हवी आहे: मॅग्नेशियम डोपिंग इतकं उशिरा का चढतं?

मंडळी, गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाचा पी-प्रकारचा (धन भारवाहकांचा) थर वाढवताना अडकलोय. एमओसीव्हीडी आहे, म्हणजे धातूंच्या सेंद्रिय संयुगांच्या बाष्पापासून तापलेल्या चकतीवर थर वाढवायची पद्धत. ट्रायमिथाइल गॅलियम, अमोनिया, वाहक वायू हायड्रोजन. आणि डोपिंगसाठी, म्हणजे थरात मॅग्नेशियम किंचित मिसळायला, बिस-सायक्लोपेंटाडायनिल मॅग्नेशियम, म्हणजे आपलं नेहमीचं सीपी-टू-एमजी.

झडप उघडली की मॅग्नेशियम लगेच थरात दिसायला हवं. सिम्सच्या (थर कोरत जाऊन प्रत्येक खोलीवरचे अणू मोजणाऱ्या चाचणीच्या) आलेखात मात्र ते रांगत चढतं, पहिले १०० नॅनोमीटर तरी पूर्ण पातळी येत नाही. बंद केल्यावर लांब शेपूट उरतं ते वेगळंच. याच रिअॅक्टरमध्ये सिलेन (सिलिकॉन डोपिंगचा वायू) सोडलं तर सिलिकॉनची कड भिंतीसारखी उभी येते, म्हणजे झडपांचा दोष नसावा.

(अॅनिलिंग, म्हणजे मॅग्नेशियमला जखडणारा हायड्रोजन सोडवायला थर नंतर तापवणं, केलं का, असं कुणी विचारायच्या आत: नायट्रोजनमध्ये ७०० अंश सेल्सिअसला केलंय. तसाही इथे त्याचा संबंध नाही. हायड्रोजनने जखडलेला असो की मोकळा, सिम्स प्रत्येक मॅग्नेशियम अणू मोजतं.)

माझा संशय बबलरवर आहे, म्हणजे सीपी-टू-एमजीच्या डब्यावर, ज्यातून जाताना वाहक वायू त्याचं बाष्प उचलतो. आत द्रव नाही, घन पदार्थ आहे. वायूने मधून वाट पाडली की बाष्प कमी उचललं जातं. बदलून टाकू का? स्वस्त नाही, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद १
थांबा, बदलू नका. बबलर थकला असता तर वरची सपाट पातळीच नमुन्यागणिक घसरली असती. तशी घसरतेय का?

सीपी-टू-एमजीचा रेणू थंड भिंतींना चिकटतो. शिवाय अमोनियाशी जोडी जमवून कमी बाष्पदाबाचं संयुग बनवतो, ते गार धातूवर बसतं. भिंतींचं पोट भरेपर्यंत वेफरच्या (थर वाढतो त्या चकतीच्या) वाट्याला थोडंच येतं, आणि बंद केल्यावर भिंती ते परत सोडत राहतात. नळी शेवटपर्यंत गरम आहे का बघा. गॅलियम सुरू करण्याआधी काही मिनिटं मॅग्नेशियम रिअॅक्टरमध्येच सोडा. अमोनिया मात्र चालू ठेवा, नाहीतर खालचा थरच उडेल.

धागाकर्ता
शेवटच्या चार नमुन्यांत पातळी तीच आहे. आणि हीटरची पट्टी इनलेटच्या वीतभर आधीच संपतेय! मी आधीचा प्रवाह व्हेंटमध्ये (रिअॅक्टर टाळून बाहेर जाणाऱ्या नळीत) सोडत होतो, त्याने भिंती कशा भरणार. पण शेपटाचं काय?

प्रतिसाद १
ते पूर्ण जाणार नाही. मॅग्नेशियम वाढत्या पृष्ठभागावर तरंगत वर येत राहतं. जमत असेल तर पी थर सगळ्यात शेवटी ठेवा.