वाढदिवसाला भावाला पैसे पाठवले की नातं संपतं?

आबोली_डिचोली
परवा एक पोस्ट वाचली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की लहान भाचरांच्या हातात पाकीट ठेवा, पण चाळिशीतल्या, स्वतः कमावणाऱ्या भावाला किंवा बहिणीला वाढदिवसाला पैसे पाठवणं म्हणजे शुद्ध आळस. दुकानात जायला वेळ नाही, आवडनिवड लक्षात नाही, म्हणून मोबाइलवर अंगठा दाबायचा आणि मोकळं व्हायचं. खाली रांगेने सगळे "अगदी खरं" म्हणतायत. मला ते अजिबात पटलेलं नाही.

माझा मोठा भाऊ गोव्यात खाणीतलं खनिज नेणाऱ्या ट्रकवर. डिचोली-साखळीकडच्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. वाहतूक जोरात होती तेव्हा दादाने कर्ज काढून दुसरा ट्रक घेतला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि दोन्ही ट्रक दारात उभे राहिले. मधे थोडी वाहतूक सुरू झाली, हप्ते फेडेन म्हणाला, तोवर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा सगळं ठप्प. त्या काळात दादा कोणाकडून रुपया घ्यायला तयार नव्हता. माझ्या नवऱ्याने एकदा जेवताना विषय काढला तर ताटावरून उठून गेला.

त्याचा वाढदिवस श्रावणात येतो. मी हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्यांचा डबा घेऊन गेले, डब्याखाली पाकीट. वहिनीने पानं न सोलता पातोळ्या ताटात मांडल्या, पाकिटाला हळद-कुंकवाचं बोट लावलं आणि देवासमोर ठेवलं. दादा म्हणाला, "वाढदिवसाचं आहे तर राहू दे." त्यातून पोराची फी भरली गेली. शर्टाचं कापड नेलं असतं तर त्याने काय केलं असतं? आता त्याला गरज नाही, तरी मी दर वर्षी देते. आज बंद केलं तर तेव्हाचं पाकीट ही मदत होती हे उघडं पडेल, आणि ते त्याला सोसणार नाही.

थोरली_बाय
तुमच्या दादाची गोष्ट वेगळी आहे. अडचणीत दिलेला पैसा मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण ती पोस्ट अडचणीतल्या माणसाबद्दल नव्हती ना?

मी चार भावंडांत थोरली. आमच्या घरात देणं वरून खाली येतं. मी धाकट्यांच्या हातावर ठेवायचं, त्यांनी वाकून नमस्कार करायचा. माझ्या पन्नाशीला धाकट्याने पाच हजार पाठवले, खाली केकचं चित्र. ना फोन, ना दोन ओळी. मडगावहून पणजीला यायला तासभर लागतो. त्या दिवशी सकाळीच मी मणगणं, हरभऱ्याच्या डाळीची खीर, केलं होतं, तो येईल म्हणून. पैसे तसेच त्याला परत पाठवले. तेव्हापासून वहिनी माझ्याशी तुटक बोलते. बोलू दे. ज्याला लहानपणी मी आंघोळ घातली त्याच्याकडून मी टिप घेणार नाही.

हिशेबनीस_पर्वरी
थोरल्या बाईंचा राग समजतो, पण त्यांचा राग भाऊ आला नाही यावर आहे. पैशाने काय बिघडवलं? तो घरी येऊन तेच पाच हजार पाकिटात घालून देता तर तुम्ही घेतलेच असते.

माझी तक्रार वेगळी. बरोबरीचे कमावणारे आम्ही तिघे. मे महिन्यात मी आणि भाऊ बहिणीला दोन-दोन हजार पाठवतो, ऑक्टोबरात ती दोघं मला दोन-दोन हजार पाठवतात, डिसेंबरात भाऊ आम्हा दोघांकडून तेवढेच घेतो. वर्षअखेर प्रत्येकाच्या खात्यात जिथल्या तिथे. याला भेट म्हणायचं कसं? मी सुचवलं की तिघांनी मिळून आईच्या नावाने दरमहा बाजूला टाकू. बहिणीला राग आला. तिचं म्हणणं, त्या पैशांबद्दल तिला घरात कोणाला जाब द्यावा लागत नाही, वर्षात तेवढेच पैसे तिचे.

आणि एक, दर वेळी कोणीतरी घाबरवतं म्हणून लिहितो: सख्ख्या भावंडांकडून आलेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही, रक्कम कितीही असो. मेव्हणा, नणंद, दीर हेही त्या यादीत येतात. चुलत, मावस, आते, मामे भावंडं येत नाहीत. त्यांच्याकडून आणि परक्यांकडून मिळून वर्षात पन्नास हजारांवर गेलं तर सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. लग्नाचा आहेर त्यातून वगळलाय, वाढदिवस नाही.

फोंडा_३१
इथे सगळे पाकीट देणाऱ्याबद्दल बोलतायत, भावाच्या बाजूने कोणी बोलत नाही. गोव्यातल्या भावाने किती द्यायचं? वाढदिवस झाला, राखी झाली, भाऊबीज झाली, चवथीला बहिणीच्या सासरी न्यायचं ओझं, म्हणजे फराळ-फळांच्या पाट्या, झालं, आणि वडील गेल्यावर घराचा बरोबरीचा वाटाही. कायद्याने बहिणीला समान हक्क आहे तर मग ओवाळणी कसली? समान वाटा घेणाऱ्याने समान खर्चही करावा. माझ्या दोन्ही बहिणी माझ्यापेक्षा जास्त पगार घेतात. माझ्या वाढदिवसाला कोरडा मेसेज, त्यांच्याला मी विसरलो तर आईचा फोन.

केप्याची_लेक
आला का विषय वाट्यावर? बरं झालं.

फोंडा, "समान वाटा घेणाऱ्याने" म्हणताय. घेतला कोणी? १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून आपल्याकडे मुलगा-मुलगी सारखे, आईबापांनाही निम्म्या मालमत्तेच्या बाहेर मनासारखं कोणाला देता येत नाही, बाकीची निम्मी मुलांचीच. बाहेरचे लोक कौतुक करतात, गोव्यातल्या बाई भाग्यवान. आता नोटरीसमोर काय होतं ते बघा. वडिलांना वर्ष व्हायच्या आत भावाचा फोन येतो, "एक सही हवी." हक्क सोडल्याचा दस्त तयार असतो. नवऱ्याचीही सही लागते, म्हणून त्यालाही जेवायला बोलावतात.

माझ्या बाबतीत तो दिवस माझ्या वाढदिवसाचाच निवडला. वहिनीने केक आणला, भावाने दहा हजारांचं पाकीट दिलं, आणि जेवण झाल्यावर कागद पुढे सरकवला. नारळाची बाग, जुनं घर आणि रस्त्याला लागून असलेली जागा, त्याच्या बदल्यात दहा हजार. मी सही केली नाही. त्यानंतर माझा वाढदिवस त्या घरात कोणाला आठवत नाही. म्हणून भावाकडून वाढदिवसाचे पैसे म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

फोंडा_३१
तुमच्या भावाने केलं ते वाईट. पण त्याचं माप सगळ्यांना लावू नका. आजारी वडिलांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेणं-आणणं, रात्री जागणं, घरपट्टी, पावसाळ्याआधी कौलं, हे कोणी केलं त्याचा हिशेब दस्तात नसतो. बहीण चवथीला येते, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली, फोटो काढते, जाते. मग वाट्याच्या वेळी कायदा आठवतो.

केप्याची_लेक
सेवा केली असेल तर ती आईबापांची केली, बहिणीवर उपकार म्हणून नाही. आणि माझे वडील शेवटचे आठ महिने माझ्या घरी होते. न विचारता "बहिणी फोटो काढून जातात" लिहून मोकळे झालात.

तिसवाडीतला_वकील
दोघेही जरा थांबा. वाटणीवर एकमत झालं नाही तर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टात मालमत्तेची यादी करून वाटणी, करावी लागते, आणि तिथे वारसांमध्येच बोली लावण्याची सोय आहे. जास्त बोलणारा घर घेतो, बाकीच्यांना हिश्शाचे पैसे. २०१२ चा आपला वारसा कायदा २०१६ पासून लागू झाला, त्यातही ती आहे. बोली लावायला रोकड लागते, ती बहुतेक वेळा भावाकडे असते. म्हणून बहिणींना सांगतो, हक्क सोडायचाच असेल तर बाजारभाव कळल्याशिवाय सोडू नका.

वाढदिवसाच्या पाकिटाबद्दलही गोव्यात एक गोष्ट विसरली जाते. लग्नात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरतात. बहिणीला भरघोस रक्कम किंवा जमिनीचा तुकडा द्यायचा असेल आणि तो फक्त तिचाच राहावा असं वाटत असेल, तर दस्तात तसं स्पष्ट लिहून घ्या. हजार-दोन हजारांसाठी कोणी भांडणार नाही, पण माझ्यासमोर मोठ्या रकमेवरून भांडलेले मेव्हणे बसले आहेत.

माटोळी_पेडणे
फोंड्याने ओझ्याचं नाव काढलं म्हणून लिहिते. वाढदिवसाचे हजार रुपये कोणी दिले, कोणी नाही दिले, त्याने घर बुडत नाही. ओझ्याने बुडतं. लेकीच्या सासरी नेवऱ्या, लाडू, खाजं, फळं, नारळ, शेजारच्या घरात किती आलं त्यापेक्षा एक पाटी जास्तच. माझ्या बाबांनी पहिल्या चवथीच्या ओझ्यासाठी सोसायटीतून कर्ज काढलं, ते पुढची चवथ आली तरी फिटत होतं. सासूने अंगणात सगळं मांडून वाड्यावरच्या बायकांना दाखवलं. कोणी म्हणालं, "अननस लहान आहेत." मी आतल्या खोलीत ऐकत होते.

माझ्या भावाला मी सांगितलं, माझ्या घरी ओझं आणायचं नाही. त्याऐवजी माझ्या वाढदिवसाला जे झेपेल ते गुपचूप पाठव, अंगणात मांडावं लागत नाही असं. ज्यांना वाढदिवसाचे पैसे रूक्ष वाटतात त्यांनी हा विचार करावा. मोबाइलवर आलेला पैसा शेजारणीला दिसत नाही, त्यातच त्याचं सुख आहे.

थोरली_बाय
माटोळी, तुमचं वाचून वाईट वाटलं. ओझ्याची प्रथा बंद व्हावी, माझ्या लेकीच्या लग्नात आम्ही व्याह्यांना आधीच सांगून टाकलं. तरी माझा मुद्दा राहतोच. तुम्ही भावाला सांगून मागितलंत, तुमचं ठरलंय. माझ्या भावाने मला विचारलं नाही.

हिशेबनीस_पर्वरी
मग तुम्ही त्याला सांगा. "पैसे नको, येऊन जेवून जा," एवढा फोन करायला काय हरकत आहे? परत पाठवलेले पैसे त्याने अपमान म्हणूनच घेतले असणार. पुरुष माणसाला केकच्या चित्राच्या पुढे सुचत नाही, हे मी पुरुष म्हणून सांगतो.

आखातातला
मी बावीस वर्षं बाहेर आहे. घरी सगळ्यांचे वाढदिवस माझ्या मोबाइलमध्ये घातलेले आहेत, त्या त्या दिवशी पैसे जातात. भावाच्या दुकानाचं शटर, बहिणीचा फ्रिज, पुतण्याची बाइक, बहुतेक गोष्टी कोणाच्या तरी वाढदिवसाला झाल्यात. माझ्या वाढदिवसाला मला कोणी एक रुपया पाठवलेला नाही. त्यांना वाटतं, याला काय कमी. इथे सहा जण एका खोलीत राहतो, ते त्यांना माहीत आहे.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीने मात्र पाठवले. तिची स्वतःची शिवणकामाची कमाई, पाचशे एक. मी पहिल्यांदा म्हणणार होतो, कशाला गं. मग नाही म्हटलं. त्यातून इथल्या दुकानात जेवलो आणि तिला फोटो पाठवला. थोरल्या बाई, तुम्ही ते पाच हजार परत पाठवायला नको होते. लहानांनाही कधी तरी द्यावंसं वाटतं, आणि मोठ्यांनी घेतलं नाही तर त्यांनी आयुष्यभर घेणारेच राहायचं का?

थोरली_बाय
हे मात्र मी कधी असं पाहिलं नव्हतं. मान्य करायला जड जातंय, पण तुमचं म्हणणं खोटं नाही. पुढच्या वेळी पैसे परत करणार नाही. पण केकचं चित्र आलं तर फोन करून चांगलं सुनावणार, ते कोणी अडवू नका.

आबोली_डिचोली
एवढं झालं तरी माझ्यासाठी पुष्कळ. केप्याच्या ताई, तुमचं वाचून मात्र मला माझा मुद्दा जरा आवरता घ्यावा लागेल. पाकिटाच्या मागे कागद असेल तर ते पाकीट घ्यायचं नाही, यात दुमत नाही.

फोंडा_३१
सहीचं मलाही मान्य. आणि तुमच्या वडिलांचं मला माहीत नव्हतं, ते वाक्य मागे घेतो. बहिणीचा वाटा आधी मोकळा करा, मग वाढदिवसाला काय द्यायचं ते द्या. पण माझ्या दोन्ही बहिणींनी वडिलांच्या औषधाचा निम्मा खर्च उचलायचा, हेही मी सोडणार नाही. आणि ओझ्याचा वेगळा धागा काढा कोणीतरी, इथे ते पुरतं बोलून झालेलं नाही.

माटोळी_पेडणे
मी काढते. चवथीच्या आधीच काढते, म्हणजे उपयोग होईल.