आईला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या नसेचं दुखणं), ऑपरेशन करावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय, वय ६८. उजव्या गालात आणि खालच्या जबड्यात करंट बसल्यासारखी कळ येते, काही सेकंदच, पण ती अक्षरशः ओरडते, आणि कशानेही सुरू होते, घास चावला, दात घासले, पंख्याचा वारा लागला की झालं. आधी सगळ्यांना दाढच वाटली, एक दाढ काढूनही झाली (त्यावर न बोललेलंच बरं), कळ तिथेच. शेवटी न्यूरोलॉजिस्टनी निदान केलं. एमआरआयमध्ये नसेला रक्तवाहिनी टेकलेली दिसतेय, गाठ वगैरे नाही.

कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी फरक पडला, पण डोस वाढवल्यापासून चक्कर, सारखी झोप आणि रक्तातलं सोडियम १२८ पर्यंत उतरलंय, त्यामुळे अजून वाढवता येत नाही म्हणतात. आता एकतर एमव्हीडी, म्हणजे कानामागून कवटी थोडी उघडून नस आणि रक्तवाहिनीच्या मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवायचा, नाहीतर गालातून सुई घालून आरएफ, म्हणजे नसेला उष्णता देऊन कळ थांबवायची, त्यात आराम लवकर पण गाल बधिर होऊ शकतो आणि दुखणं परतही येऊ शकतं.

आई म्हणते डोकं उघडायचं नाही, बाबा म्हणतात एकदाच काय ते करून टाका, मी मधल्यामध्ये. साठीनंतर कुणाच्या घरी एमव्हीडी झालंय का? ऐकू येण्यावर परिणाम झाला का? पुण्यात साधारण खर्च किती? लवंग तेल वगैरे प्लीज नको, सगळं करून झालंय. आणि तोवर खायला काय देता? सध्या पेज आणि गुरगुट्या भातावरच चाललंय, तोही डाव्या बाजूने.