चर्चा: मुलांना भावनांची नावं शिकवावीत का?

पाटीपेन्सिल
मूल पडलं की आपण म्हणतो, 'काही नाही झालं, मुंगी मेली बघ!' नाहीतर जमिनीलाच चापट मारतो, 'हात रे!' त्याला काय वाटलं ते तसंच राहून जातं. अडीच-तीन वर्षांपासून भावनांचे नेमके शब्द मुलांच्या कानावर पडायला हवेत, आणि तेही मराठी. 'अँग्री, सॅड, हॅपी' या तीन डब्यांत सगळं कोंबू नये. नेमका शब्द सापडला की पुढे काय करायचं तेही कळतं. रागावलेल्या मुलाला थोडं एकटं सोडलं तर चालतं. रुसलेल्याला सोडलं तर ते आणखी फुगतं, कारण रुसवा आपल्याच माणसावर असतो आणि त्याला मनधरणी हवी असते. सहल रद्द झाली की मूल हिरमुसतं. तिथे उपदेश नको, 'केवढी वाट पाहिली होतीस ना' एवढं पुरतं. लाडू चोरताना सापडलेलं मूल ओशाळतं. त्याला पाहुण्यांसमोर जाब विचारलात तर ते खोटंच बोलणार.

खडूफळा
मला हे पटत नाही. शब्दांनी समाधान मोठ्यांचं होतं. २००७ सालच्या मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या प्रयोगाचा दाखला सगळे देतात: फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे भीती-धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची, धावपळ कमी होते. पण ती प्रौढ माणसं होती, स्कॅनरमध्ये शांत पडलेली. फरशीवर लोळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला 'तुला राग आलाय ना?' विचारून बघा, किंकाळी वाढते. आधी भूक, झोप, उकाडा बघा. शेजारी खाली बसा, आवाज उतरवा, चार शब्दांपलीकडे बोलू नका. श्वास संथ झाला, मुठी सुटल्या, नजर तुमच्याकडे वळली, की मग काय ते बोला. आणि शाळेतून आल्या आल्या 'आज कसं वाटलं?' ही रोजची हजेरी बंद करा. मूल तुम्हाला आवडेल तेच उत्तर द्यायला शिकतं.

पाटीपेन्सिल
भर रडण्यात शब्द नकोत, हे मान्यच. शब्द शिकवायचे ते निवांत वेळी. चिऊ-काऊची गोष्ट सांगताना मध्येच थांबा. चिऊ दार उघडत नाही, कावळा पावसात भिजतोय. त्याला काय वाटत असेल? एक म्हणेल राग, दुसरं म्हणेल भीती, तिसरं म्हणेल एकटं. तिघांचंही बरोबर. आठवड्याला एखादा नवा शब्द पुष्कळ झाला. आणि नाव द्यायचं ते अंदाजाने: 'हिरमुसलास का रे?' मूल 'नाही' म्हणालं तर नाही.

गोधडी
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटतेय. 'मला राग आला म्हणून मारलं' हे वाक्य मुलं फार लवकर उचलतात. म्हणून नावासोबत मर्यादा हवीच: उगारलेला हात हलकेच धरायचा आणि म्हणायचं, 'राग येऊ दे, मारू देणार नाही.' उशी बडवायला मात्र सांगू नका. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात राग आणणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. (हीसुद्धा मोठी माणसंच, हे खडूफळा म्हणायच्या आधी मीच सांगते.) त्यापेक्षा हाताची पाच बोटं म्हणजे पाच मेणबत्त्या, एकेक सावकाश फुंकरीने विझवायची. लांब उच्छ्वासाने छातीची धडधड उतरते. हा खेळही शांत असतानाच खेळून ठेवायचा, ऐनवेळी नवा खेळ कुणी शिकत नाही.

खडूफळा
मर्यादेचं शंभर टक्के पटलं. शब्दांबद्दल माझा आग्रह कायम आहे: ते मोठ्यांनी आधी स्वतःसाठी वापरावेत. 'मला वैताग आलाय, पाणी पिऊन येतो, मग बोलू' हे मुलासमोर म्हणा आणि खरंच परत या. भिंतीवर चोवीस चेहऱ्यांचा तक्ता लावून हे होत नाही. चार वर्षांच्या मुलाला त्यातले निम्मे चेहरे सारखेच दिसतात.

पाटीपेन्सिल
तक्ता चार चेहऱ्यांचाच ठेवा: राग, भीती, दुःख, आनंद. रुसवा आणि ओशाळणं चेहऱ्यावरून ओळखताच येत नाही. त्याआधी काय घडलं ते ठाऊक असावं लागतं. म्हणून तर ते शब्द तक्त्यातून नाही, गोष्टीतूनच शिकवावे लागतात.