दीर्घ मुदतीसाठी प्रत्यक्ष औद्योगिक धातू घ्यायचा झाल्यास निवड कशाच्या आधारे करावी?

दूरचा_पल्ला

नमस्कार. बचतीचा एक लहान भाग, ज्याला पंधरा-वीस वर्षे हात लावावा लागणार नाही, तो एखाद्या औद्योगिक धातूच्या रूपात, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेऊन ठेवावा, असा विचार गेले काही महिने मनात घोळत आहे. सोने यात धरलेले नाही, कारण त्याची मागणी मुख्यतः दागिने आणि साठवण यांतूनच येते. मला असा धातू हवा आहे, जो गुंतवणूकदारांची मर्जी असो वा नसो, कारखान्यांना लागतोच. वायदे, फंड आणि खाण कंपन्यांचे समभाग यांवर अन्यत्र पुष्कळ चर्चा झालेली आहे, म्हणून कृपया तिकडे वळू नये.

वाचनातून तीन नावे पुढे आली. तांबे, कारण वीज जिथे जाईल तिथे ते लागते आणि नवी मोठी खाण सुरू व्हायला बहुधा दशकाहून अधिक काळ जातो. कथिल, कारण त्याचा सुमारे निम्मा वापर सोल्डरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग जोडणाऱ्या झाळणीत, होतो आणि पुरवठा चीन, इंडोनेशिया, म्यानमार, पेरू अशा मोजक्या देशांवर अवलंबून आहे. टंगस्टन, कारण त्याचे बहुतांश उत्पादन एकट्या चीनमध्ये होते आणि धातू कापण्याच्या हत्यारांत त्याला सहज पर्याय नाही. टंचाईच्या दृष्टीने तिन्ही योग्य दिसतात, आणि अडचण नेमकी तीच आहे: यांतून एक निवडायचा तर निकष कोणता लावावा? इंडियमसारख्या अगदी लहान बाजारपेठेच्या धातूंकडे वळावे का, हेही जाणकारांनी सांगावे.

वजनकाटा

माझ्या मते निवडीची सुरुवात विक्रीपासून करावी. वीस वर्षांनी ही वस्तू कोण घेईल, कोणत्या स्वरूपात घेईल आणि त्या दिवशीच्या जाहीर भावातून किती कापून घेईल, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या धातूबाबत आज देता येत नाहीत, तो धातू कितीही दुर्मिळ असला तरी घरगुती गुंतवणूकदाराने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आधी आकारमान पाहा. २०२४ च्या सरासरी भावाने तांबे टनाला सुमारे ९,००० डॉलर होते. तेवढ्याच रकमेत कथिल सुमारे ३०० किलो, चांदी साधारण १० किलो आणि प्लॅटिनम ३०० ग्रॅमच्या आसपास आले असते. एक टन तांबे म्हणजे ४८ सेंटिमीटर बाजूचा भरीव घन. जागा फारशी व्यापत नाही, पण तो हलवायला यंत्र लागते आणि वाहतुकीचा खर्च जाताना-येताना दोन्ही वेळा अंगावर पडतो. दहा किलो चांदीचे घनफळ लिटरभराच्या आतच भरते, आणि ३०० ग्रॅम प्लॅटिनम मुठीत मावते. विमा आणि चोरीचा धोका किमतीच्या मागे येतात, पण साठवणुकीचे भाडे मुख्यतः वजन आणि जागेच्या मागे येते, त्यामुळे स्वस्त धातूच्या गुंतवणुकीला ते वर्षानुवर्षे पोखरत राहते.

दुसरी गोष्ट स्वरूपाची. जागतिक बाजारात ज्या तांब्याचा भाव रोज जाहीर होतो, ते तांबे म्हणजे कॅथोड: साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे, कडेला बारीक गाठी असलेले जाड पत्रे, पट्ट्यांनी बांधलेले आणि नोंदणीकृत ब्रँडचे. लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या जागतिक बाजारात त्याचा एक लॉट, म्हणजे व्यवहाराचे ठरलेले माप, २५ टनांचा असतो. किरकोळ ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या एक किलोच्या चकचकीत तांब्याच्या विटेची किंमत मात्र तिच्यातील तांब्याच्या काही पट असते, आणि ती विकायला नेली की समोरचा तिला स्वच्छ भंगार म्हणूनच तोलतो. म्हणजे भाव दुप्पट झाला तरी तुम्ही तोट्यातच राहू शकता. तांब्याला गिऱ्हाईक कुठेही मिळते हे खरेच, फक्त ते गिऱ्हाईक तुमच्या विटेवरील नक्षीचे पैसे देत नाही.

मूस

वजनकाटा यांनी मांडलेल्या मुद्द्याला धातुशास्त्राच्या बाजूने थोडी जोड देतो.

टंगस्टनची घनता १९.२५, म्हणजे सोन्याच्या जवळजवळ बरोबरीची, आणि हवेत तो वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो, म्हणून साठवायला तो आदर्श वाटतो. पण त्याचा व्यापार शुद्ध धातूच्या कांडीत फारसा होत नाही. आंतरराष्ट्रीय भाव सांगितला जातो तो अमोनियम पॅराटंगस्टेट या पांढऱ्या मध्यवर्ती रसायनाचा, आणि तोही त्यातील टंगस्टन ऑक्साइडच्या दर दहा किलोंवर. ३,४२२ अंशांना वितळणारा हा धातू ओतून आकाराला आणता येत नाही. भुकटी दाबून, तापवून त्याचे भाग तयार केले जातात. त्यामुळे तुमच्या हातातील कांडी ज्याला हवी त्याला ठराविक मापाची आणि ठराविक श्रेणीची हवी असते, आणि तशी ती नसेल तर पुन्हा रसायनात रूपांतर करण्याचा खर्च वजा होतो. झिजलेल्या टंगस्टन कार्बाइडच्या हत्यारांना भंगार बाजारात चांगली मागणी असते. मात्र तो दैनंदिन व्यापार आहे, वीस वर्षांच्या साठवणुकीचा नव्हे.

कोबाल्ट आणि निकेल यांचीही गत थोड्याफार फरकाने अशीच आहे. बॅटरीवाल्यांना या धातूंचे सल्फेट, म्हणजे क्षाररूप, लागते, पोलाद कारखान्यांना निकेलयुक्त कच्चे लोखंड चालते, आणि इंडोनेशियातून आलेल्या निकेलचा मोठा वाटा शुद्ध पत्र्यांच्या रूपात नसतोच. मागणी वाढली म्हणजे तुमच्याकडे असलेल्या स्वरूपाची मागणी वाढली, असे गृहीत धरू नये.

कथिलाविषयी एक भीती वारंवार सांगितली जाते, की १३.२ अंशांखाली ते करड्या भुकटीत बदलते. हे खरे आहे, पण हा बदल अत्यंत सावकाश सुरू होतो, त्याला दीर्घकाळ कडक थंडी लागते, आणि अँटिमनी किंवा बिस्मथचा अंश असला तर तो बहुतेक होतच नाही. सामान्य तापमानाच्या खोलीत कथिल निर्धास्त ठेवावे. ओळखायलाही ते सोपे आहे: शुद्ध कथिलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर आतले स्फटिक सरकल्याची करकर स्पष्ट ऐकू येते, आणि शिशाची भेसळ वाढत गेली की तो आवाज मरतो. शेवटी विक्रीच्या वेळी मात्र कागद लागतो. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतील घटक ओळखणारे यंत्र, पिस्तुलासारखे टेकवून काही सेकंदांत आकडे दाखवते, पण ते केवळ वरच्या पातळ थराचे असतात. आतील धातूसाठी भोक पाडून कीस घ्यावा लागतो किंवा श्राव्यातीत (अल्ट्रासाउंड) तपासणी करावी लागते. म्हणून निर्मात्याचा शिक्का असलेली, न कापलेली लगड आणि तिचे मूळ प्रमाणपत्र एकत्र ठेवावे.

शिसे विषारी आहे आणि लिथियम हवेत टिकत नाही, म्हणून त्यांचा विचार येथेच सोडतो.

जुनी_खातेवही

टंचाईवर पैसे लावण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग झालेला आहे, आणि गंमत अशी की तुमचे तिन्ही धातू त्यात होते. १९८० मध्ये जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक आणि अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी पैज लावली. एर्लिक यांच्या बाजूने तांबे, क्रोमियम, निकेल, कथिल आणि टंगस्टन निवडले गेले, प्रत्येकी २०० डॉलरचे. लोकसंख्या वाढेल, धातू अपुरे पडतील आणि महागाई वजा करूनही भाव चढतील, असा त्यांचा होरा होता. १९९० मध्ये पाचही धातूंचे वास्तव भाव खाली आलेले होते आणि एर्लिक यांनी ५७६.०७ डॉलरचा धनादेश पाठवून दिला. दुसरे एखादे दशक घेतले असते तर निकाल फिरला असता, हे मान्य आहे. पण मग दशक निवडणे हीच खरी गुंतवणूक ठरते, आणि ते कोणाच्याच हातात नसते.

कथिलाचा इतिहास तर स्वतंत्रपणे वाचावा असा आहे. उत्पादक आणि ग्राहक देशांची आंतरराष्ट्रीय कथिल परिषद साठा विकत घेऊन भाव धरून ठेवत असे. ऑक्टोबर १९८५ मध्ये तिचे पैसे संपले, लंडनमधील कथिलाचे व्यवहार थांबले, आणि नंतर भाव निम्म्यावर आला. पुढची कितीतरी वर्षे तो तिथून वर यायला तयार नव्हता. दुर्मिळता तेव्हाही तितकीच होती.

इंडियमबद्दल विचारले आहे, म्हणून सांगतो. चीनमधील कुनमिंग येथे फान्या नावाच्या बाजारमंचाने सामान्य गुंतवणूकदारांच्या पैशावर या धातूचा सुमारे ३,६०० टनांचा साठा केला, जो जगाच्या कित्येक वर्षांच्या प्राथमिक उत्पादनाइतका होता. खरेदीदार मुख्यतः तो मंच स्वतःच होता. २०१५ मध्ये पैसे परत मिळेनासे झाले, भाव कोसळला, आणि मग तो साठाच वर्षानुवर्षे बाजाराच्या डोक्यावर टांगलेला राहिला. इंडियम हे जस्ताच्या शुद्धीकरणातून निघणारे उपउत्पादन आहे, त्यामुळे त्याचा पुरवठा त्याच्या स्वतःच्या भावाकडे फारसे पाहत नाही; जस्त किती गाळले जाते यावर तो ठरतो. अशा धातूचा भाव अभ्यास करून ओळखणे अवघड आहे.

दूरचा_पल्ला

सर्वांचे आभार. टंगस्टन आणि इंडियम यादीतून काढतो. वरील आकडेमोड पाहता चांदी आणि प्लॅटिनम हे आपोआप पुढे येतात, आणि दोन्हींचा औद्योगिक वापर मोठा आहे. त्यांना या चर्चेत जागा आहे का? दुसरे असे, की तांबे किंवा कथिल स्वतः न हलवता गोदामातच ठेवून केवळ पावती घेतली, तर निम्मे प्रश्न सुटणार नाहीत का?

वजनकाटा

पावतीने वजन उचलण्याचा प्रश्न सुटतो आणि विश्वासाचा उभा राहतो. २०१४ मध्ये चीनच्या चिंगदाओ बंदरात एकाच धातूच्या साठ्यावर अनेक पावत्या काढून अनेक बँकांकडून कर्जे उचलल्याचे उघड झाले. मार्च २०२३ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजच्या मान्यताप्राप्त गोदामातील, निकेल म्हणून नोंदलेल्या ५४ टनांच्या पोत्यांत दगड निघाले. बँका आणि बाजार यांना जे वेळेत दिसले नाही, ते दूर बसलेल्या किरकोळ धारकाला दिसेल कसे? गोदाम घ्यायचेच असेल तर लगडींचे क्रमांक तुमच्या नावावर वेगळे नोंदलेले असावेत. सामायिक ढिगातील हिस्सा घेऊ नये. भाडे चालूच राहते, हे आहेच.

चांदीला जागा निश्चित आहे. तिची निम्म्याहून अधिक मागणी आता उद्योगांतून येते, लहान लगडीलाही त्याच दिवशी गिऱ्हाईक मिळते आणि खरेदी-विक्रीतील तफावत औद्योगिक धातूंच्या मानाने कमी असते. काळी पडते, पण वजन घटत नाही. मात्र जानेवारी १९८० मध्ये औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेलेली चांदी पुन्हा त्या पातळीला टेकायला २०११ उजाडावे लागले, आणि तेही महागाई न धरता. म्हणून सगळी रक्कम एकाच दिवशी घालू नये.

प्लॅटिनमबाबत मी अधिक सावध आहे. २००८ मध्ये ते औंसाला २,२०० डॉलरच्या वर गेले होते आणि २०२४ ची सरासरी १,००० च्याही खाली होती. पॅलेडियमने तर २०२२ मध्ये ३,००० ओलांडून दोनच वर्षांत १,००० च्या खाली बुडी मारली. दोन्हींची मोठी मागणी वाहनांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून येते, आणि एक महाग झाला की कारखाने दुसऱ्याकडे वळतात. विजेवरच्या गाडीला तर दोन्ही लागत नाहीत.

मूस

चांदीवर माझेही एकमत आहे. तरीही कथिल हवेच असेल, तर एकूण रकमेचा लहानसा भाग नोंदणीकृत ब्रँडच्या पूर्ण लगडींत घालावा आणि खरेदीआधी एक साधी चौकशी करावी: ज्यांच्याकडून घेणार, त्यांनाच तीच लगड आज परत घेण्याचा भाव लेखी विचारावा, आणि तोच प्रश्न सोल्डर बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यालाही करावा. दोन्हींकडून आकडा आला तर घ्यावे. कारखान्याने प्रमाणपत्राची प्रत मागितली तर ते चांगले लक्षण समजावे, कारण तिथे माल प्रत्यक्ष भट्टीत जाणार असतो.