पुण्याच्या कडेला घर घेताना

‘आयटीत नोकरकपात चालू आहे, पुण्यातले भाव उतरतील, थोडं थांबा’ असा सल्ला घर घेऊ पाहणाऱ्यांना दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. पुणं एकट्या हिंजवडीच्या आयटी कंपन्यांवर चालत नाही. चाकण, तळेगाव, रांजणगावचे कारखाने आहेत, शिकायला येऊन इथेच स्थिरावणारी मुलं आहेत. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 10 लाख होती, ती 2011 मध्ये 17 लाखांवर गेली. मागणी अशी एकाएकी आटत नाही.

मला काळजी भावापेक्षा पाण्याची वाटते. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, पण जलवाहिन्या त्या वेगाने पोचल्या नाहीत. त्यांतल्याच वाघोलीत आमच्या नातेवाइकांच्या सोसायटीत मार्च उजाडला की गेटपाशी टँकर उभेच असतात. मेंटेनन्सच्या हिशेबात लिफ्ट, सुरक्षारक्षक सगळ्यांच्या वर टँकरचा आकडा! कर्जाच्या हप्त्याचं गणित मांडताना हा खर्च कुणीच धरत नाही, आणि बिल्डर तर सांगणारच नाही.

म्हणून सॅम्पल फ्लॅट बघून भुलू नका. एप्रिल-मेमध्ये जा, शेजारच्या राहत्या सोसायटीत दिवसाला किती टँकर येतात ते वॉचमनलाच विचारा. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची ताब्याची तारीख आणि मिळालेली मुदतवाढ दोन्ही तपासा. जमलं तर त्याच भागात आधी एक उन्हाळा भाड्याने राहा. भाडं हप्त्यापेक्षा बरंच कमी पडतं.