मदत हवी आहे: ग्लो इंजिनच्या मॉडेलवरचे डेकल इंधनापासून कसे वाचवावेत?

बाल्साभुस्सा

एचटी-२ चं मॉडेल रंगाच्या टप्प्यावर आलंय. (घाटगे यांच्या आराखड्याचं, १९५१ साली पहिल्यांदा उडालेलं हिंदुस्तान एअरक्राफ्टचं ट्रेनर, म्हणजे प्रशिक्षणाचं विमान.) पंख टोकापासून टोकापर्यंत १५० सेंमी, इंजिन .४६ (घनइंच) टू-स्ट्रोक ग्लो, म्हणजे मिथेनॉलवर ग्लो प्लगने चालणारं, आडवं बसवलेलं, सायलेन्सर पोटाखाली. इंधनात ५ टक्के नायट्रोमिथेन, १८ टक्के तेल (एरंडेल आणि सिंथेटिक मिळून), बाकी मिथेनॉल.

फ्यूजलाजवर (विमानाच्या धडावर) २५ ग्रॅमचं फायबर कापड आणि इपॉक्सी, त्यावर प्रायमर, मग पिवळा ड्युको रंग. पंखांना पिवळी ओराकव्हर (इस्त्रीने चिकटवायची प्लास्टिक फिल्म). फ्यूजलाजवरची वायुदलाची गोल चिन्हं आणि बारीक सूचना लेझर प्रिंटरवर काढलेल्या वॉटरस्लाइड डेकलच्या (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून लावायच्या चित्रांच्या) आहेत, पंखांवरची चिन्हं आणि सगळे नंबर कापलेल्या चिकट विनाइलचे.

विमानाला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यांवर इंधन लावून पाहिलं. ड्युको पाच मिनिटांत चिकट झाला. डेकलला सुरकुत्या पडल्या आणि भगवा रंग बोळ्यावर आला. विनाइल वरून ठणठणीत, पण कडेखाली तेल शिरलं आणि कोपरा नखाने सहज उचलला गेला.

प्रश्न असे: ड्युकोवर टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा पारदर्शक थर) मारून भागेल का? क्लिअरचा थिनर डेकल खाईल का? आणि फिल्मवरच्या विनाइलचं काय करायचं?

---

नायट्रो_पाच

पहिल्याचं उत्तर नाही. ड्युको म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि मिथेनॉल हा त्याचा विद्रावकच. वर कितीही चांगला क्लिअर मारा, सुईच्या टोकाएवढं भोक किंवा स्क्रूभोवतीची एक भेग पुरते. इंधन तिथून आत जाऊन खालचा रंग मऊ करतं आणि क्लिअर पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय टू-केचा ओला हात ड्युकोला उचलून सुरकुत्या पाडतो, हा धोका वेगळाच.

ड्युको उतरवा. थिनरच्या फडक्याने निघतो, पुसण्यापुरत्या थिनरने खालच्या पिकलेल्या (पूर्ण कडक झालेल्या) इपॉक्सीला काही होत नाही. प्रायमरही बहुधा जाईल, तो पुन्हा मारा, पण टू-के मारा. मग पिवळाही दोन घटकांचा पीयूच (पॉलियुरेथेन) घ्या. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात हवी ती छटा कालवून देतात, पाव लिटर या आकाराच्या फ्यूजलाजला भरपूर झाला. ५ टक्के नायट्रोला पूर्ण पिकलेला पीयू दाद देत नाही. २५-३० टक्क्यांचं इंधन असतं तर हे इतक्या ठामपणे म्हटलं नसतं.

हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच. कुणाचं २:१ असतं, कुणाचं ४:१. 'जरा जास्त हार्डनर म्हणजे जास्त कडक' हा समज चुकीचा. जास्त झाला तर थर ठिसूळ होतो, कमी पडला तर कायम मऊ राहतो आणि इंधनाला बळी पडतो.

---

टेलड्रॅगर

डेकलवर क्लिअर मारता येतो, पण पहिला हात ओला मारलात तर थिनर नक्की खाईल. लेझरचा टोनर म्हणजे शेवटी प्लास्टिकच, थिनरमध्ये विरघळतो. क्रम असा ठेवा.

पिवळा रंग चकचकीत असू द्या. मॅट किंवा घासलेल्या पृष्ठभागावर डेकलखाली बारीक हवा अडकते आणि ती क्लिअरखाली कायमची रुपेरी दिसते. रंगाला दोन दिवस द्या, मग डेकल बसवा. खालचं पाणी ओल्या स्पंजने मधून कडेकडे ढकला. कडेबाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पूर्ण पुसा, तो राहिला तर क्लिअर तिथे धरत नाही. मग ४८ तास वाळू द्या. डेकल दिसायला तासाभरात वाळतं, पण खालचं पाणी तेवढ्यात जात नाही आणि नंतर क्लिअरखाली फोड येतात.

आता डेकल सोडून बाकी भाग हजार नंबरच्या वॉटर पेपरने हलका मारा, डेकलच्या कडेला टेकू नका. क्लिअरचे पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटांचं अंतर. हात पडल्यावर पृष्ठभाग खरखरीत दिसला पाहिजे, ओला नाही. हाच थर टोनर आणि थिनर यांच्यामधली भिंत. त्यानंतर एक मध्यम हात आणि एक ओला हात.

कुणी इंकजेटवर छापत असेल तर पाण्यात बुडवण्याआधीच कागदावर ॲक्रिलिक क्लिअरचे दोन-तीन पातळ हात हवेत, नाहीतर शाई वाहून जाते.

पावसाळ्यात हे काम काढू नका. हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या दमटपणाशी अभिक्रिया करतं आणि थरात बुडबुडे धरतात. त्याच आयसोसायनेटमुळे साधा धुळीचा मास्क चालत नाही. सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर, हातमोजे आणि उघडी जागा हे किमान. एकदा याची ॲलर्जी बसली की पुढे थोडासा वासही दम्यासारखा त्रास देतो. सोय नसेल तर भाग सुटे करून गाड्यांच्या पेंटरकडून मारून घ्या, त्याच्याकडे बूथ असतो.

---

वर्तुळकापू

गोल चिन्हांना डेकल वापरूच नका, असं सुचवेन. घरचा प्रिंटर पांढरा छापत नाही. पारदर्शक डेकल पिवळ्यावर बसलं की मधलं पांढरं कडं पिवळंच दिसणार आणि भगवाही बदलणार. पांढऱ्या कागदाचं डेकल घेतलं तर कापलेली कड पांढरी चमकते आणि थर जाड होतो.

चिन्ह म्हणजे तीन वर्तुळं. बाहेर भगवं, मध्ये पांढरं, आत हिरवं. ओरामास्क ८१० किंवा तसलीच कमी चिकट स्टेन्सिल फिल्म कंपास कटरने कापा. आधी बाहेरच्या वर्तुळाएवढी पूर्ण पांढरी तबकडी मारा. ती वाळली की मधल्या पांढऱ्यावर फिल्मचं कडं चिकटवा, बाहेर भगवा आणि आत हिरवा मारा. रंग मारण्याआधी कड्याच्या काठावर पांढऱ्याचाच एक पातळ हात द्या. गळायचा असेल तो पांढराच गळेल आणि दिसणार नाही. फिल्म रंग पूर्ण कडक होण्याआधी, स्वतःवर दुमडून हळू ओढा.

डेकल फक्त बारीक अक्षरांना ठेवा. कड जितकी कमी, तितकी इंधनाला वाट कमी.

---

चौकोनी_पंख

फिल्मवरच्या विनाइलच्या कडेला पातळ सीए (सुपरग्लू) फिरवलं की झालं. दोन मिनिटांचं काम.

---

टेलड्रॅगर

सीए नको. त्याच्या वाफा शेजारी पांढरी साय धरतात, पिवळ्यावर ती लगेच दिसते. वर तो ठिसूळ. ओराकव्हर उन्हात ताणते-सैलावते, तेव्हा सीएची रेघ तडकते आणि तीच इंधनाची वाट होते.

पूर्ण पंखावर क्लिअरही नको. फिल्मवर तो मुळात जेमतेम धरतो आणि उद्या सुरकुती काढायला इस्त्री किंवा हीट गन फिरवली की तडे जातात. फक्त कडा बंद करा. विनाइलच्या कडेपासून बाहेर २ मिमी आणि आत २ मिमी सोडून मास्किंग टेप लावा. उघड्या पट्टीतली फिल्म बारीक स्कॉचब्राइटने किंचित मारा, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर फडक्याने पुसा (ओल्याचिंब नको, कडेत शिरलं तर डिंक सुटतो). मग मऊ ब्रशने टू-के क्लिअरचे दोन पातळ हात. टेप क्लिअर ओला असतानाच काढा, वाळल्यावर काढली तर नवीच कड तयार होते.

विनाइल कापतानाच कोपरे गोल करा, २-३ मिमी त्रिज्या पुरे. टोकदार कोपराच सगळ्यात आधी उचलतो. विनाइल ऑराकल ६५१ असेल तर ते कॅलेंडर्ड (रोलरखाली लाटून बनवलेलं), कालांतराने आक्रसतं आणि कडेला डिंकाची काळी रेघ सोडतं. ९५१ कास्ट (ओतून बनवलेलं) आहे, पातळही आहे, आक्रसणं नगण्य. थोडं महाग, पण चार चिन्हांना किती लागणार? साबणपाण्यावर बसवलं असेल तर कडा बंद करण्याआधी दोन दिवस थांबा.

याहून पक्कं काम हवं असेल तर पंखावरची चिन्हं ओराकव्हरमधूनच कापून कमी तापमानावर इस्त्रीने बसवा. मोठ्या तबकडीखाली हवा अडकते, म्हणून खालच्या फिल्मला आधी सुईने टोचून घ्या.

---

बाल्साभुस्सा

ड्युको उतरवतो आणि चिन्हं मास्क करूनच मारतो. दोन शंका उरल्या. क्लिअर पिकला हे कसं ओळखायचं, आणि उड्डाणानंतर पुसायचं कशाने?

---

नायट्रो_पाच

त्याच दिवशी, त्याच मिश्रणाने रंगवलेला तुकडा बाजूला ठेवा, त्यावर एक टाकाऊ डेकलही बसवा. सातव्या दिवशी इंधनात भिजवलेला कापूस डेकलच्या कडेवर ठेवून बाटलीचं बूच पालथं घाला. उघड्यावर मिथेनॉल मिनिटभरात उडून जातं आणि चाचणी खोटी पास होते, म्हणून बूच. १५ मिनिटांनी पुसून नखाने दाबा. खूण उमटली किंवा कापसाला पिवळा लागला तर आणखी आठवडा थांबा.

पुसायला पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब. फवारा फडक्यावर, विमानावर नाही. फडकं नेहमी नाकाकडून शेपटीकडे, पंखावर पुढच्या कडेकडून मागे. आडवंतिडवं घासलं की कोपऱ्यात नख घातल्यासारखंच. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल काही नको. एरंडेलाचा थर त्याच दिवशी काढा, उन्हात वाळला की वॉर्निशसारखा बसतो आणि मग जोर लावावा लागतो.

आणि सायलेन्सरच्या तोंडाला १०-१२ सेंमी सिलिकॉन नळी लावून तिचं तोंड खाली, पंखाच्या मुळापासून दूर वळवा. निम्मं तेल विमानाला लागणारच नाही. टाकी भरताना ओव्हरफ्लोची नळीही बाटलीत सोडा. सायलेन्सरमधून येतं ते बहुतेक तेलच, पण भरताना सांडतं ते कच्चं इंधन, आणि रंगाला जास्त तेच खातं.